पोच

कलाशाखेच्या विद्यार्थिनीने संगणकाच्या जाळ्याविषयी लिहावे, हा काहींना आगाऊपणा वाटेल. विषय ऐकून वर्गातल्या मैत्रिणींनी तर मला लांबूनच हात जोडले. पण मी लिहिणार आहे ते यंत्राविषयी थोडे आणि एका शब्दाविषयी जास्त. तो शब्द म्हणजे 'पोच'.

माझी आजी कोणालाही निरोप देताना "पोचल्यावर कळव" असे म्हणते. तिच्या तरुणपणी माणूस परगावी गेला की आठ-दहा दिवसांनी पत्र येई. पत्र लिहिणारा दुसराच कोणी, आणि इकडे वाचून दाखवणाराही दुसराच. मजकूर बहुधा एका ओळीचा, सुखरूप पोचल्याचा. पण ती ओळ येईपर्यंत आजीचा जीव थाऱ्यावर नसे. रस्ता तिला दिसत नव्हता, गेलेला माणूस दिसत नव्हता. परत आलेली पोच तेवढी दिसत होती, आणि तिच्यावरूनच सगळे ओळखायचे होते.

आज जगभर पसरलेले इंटरनेट याच एका गोष्टीवर उभे आहे, हे मला गेल्या वर्षी कळले. ते कळायला काय निमित्त झाले आणि त्यापायी मी काय गमावता गमावता राहिले, ते सांगते.

माझे वडील ट्रकचालक आहेत. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. लासलगाव किंवा पिंपळगावच्या बाजारातला कांदा भरायचा, धुळे, नागपूर, रायपूर, संबलपूर, खरगपूर असे करीत कोलकात्याला न्यायचा, तिकडून मिळेल ते भाडे घेऊन परत यायचे, ही त्यांची नेहमीची खेप. शाळा तिसरीत सुटली. अक्षरे लावून लावून वाचतात. आकडे मात्र पक्के. किलोमीटरचे दगड, डिझेलचे मीटर, वजनकाट्याची पावती यांवरच त्यांचे आयुष्य गेले आहे.

गेल्या वर्षी मी प्रथम वर्षाला असताना शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस आला. कोणता अर्ज, कोणाचे संकेतस्थळ, ते इथे महत्त्वाचे नाही. आमच्यापैकी पुष्कळांनी तो दिवस भोगला आहे. उत्पन्नाचा दाखला हातात पडायला उशीर झाला, म्हणून मी शेवटच्या दिवसापर्यंत येऊन ठेपले होते. नेट कॅफेत सकाळपासून रांग होती. पडद्यावर एक गोल चक्र फिरत राही आणि पान काही उघडत नसे. कॅफेवाले दादा ते पुन्हा उघडत, पुन्हा, पुन्हा. शेजारच्या तीन यंत्रांवरही तेच चालले होते. तालुक्यातालुक्यांतल्या कॅफेंत त्या घटकेला तेच चालले असणार.

दुपारी तीनला पान उघडले. आता ओटीपी हवा होता. माझे आधार कार्ड मी प्राथमिक शाळेत असताना काढलेले. त्याला जोडलेला मोबाइल क्रमांक अण्णांचा. अण्णा त्या वेळी छत्तीसगड संपून ओडिशा सुरू होतो त्या पट्ट्यात कुठेतरी होते. दादांनी ओटीपी मागवला. मी अण्णांना फोन लावला. लागला नाही. दहा मिनिटांत मुदत संपली. दुसरा मागवला. फोन लागला, पण आवाज तुटत होता. अण्णांनी सहा आकडे वाचले. यंत्र म्हणाले, चूक. तिसरा मागवला. अण्णांनी पुन्हा सहा आकडे वाचले. पुन्हा चूक. पुढे कळले की तिसऱ्या वेळी त्यांनी वाचलेला आकडा दुसऱ्या वेळचा होता. तो त्यांच्या फोनवर तेव्हाच येऊन पोचला होता, आणि तिसरा अजून वाटेत होता. पण त्या क्षणी मला हे कळले नाही. मागे रांग होती, दादा वैतागले होते, आणि मी फोनवर ओरडले, "तुम्हाला सहा आकडेसुद्धा धड वाचता येत नाहीत का?"

पलीकडून काहीच आले नाही. मग फोन बंद झाला.

संध्याकाळी बातमी आली की अर्जाची मुदत आठ दिवसांनी वाढली आहे. सगळी आटापीट फुकट गेली. ते वाक्य तेवढे उरले.

त्या रात्री अण्णांचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. एरवी ते एक दिवसाआड तरी ढाब्यावरून बोलतात. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "कोणाच्या तरी फोनवरून बोलले. तुझा फॉर्म झाला का विचारत होते." आईला विचारले, मला नाही! मी मनाशी हिशेब मांडला, अण्णा रागावले आहेत, आणि रागवायला हवेच. मीही फोन केला नाही. नंतर ते घरी आले आणि गेले. बोलणे झाले ते "चहा घ्या" आणि "निघतो" एवढेच. अशी चार महिने आमच्यात जेवढ्यास तेवढे बोलण्याची सवय पडली.

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आम्हांला दुसऱ्या शाखेचा एक विषय घ्यावा लागतो. दुसऱ्या सत्रात मी संगणकाची ओळख हा विषय घेतला, तोही तासांचे वेळापत्रक एसटीच्या वेळेशी जुळत होते म्हणून. एके दिवशी सरांनी फळ्यावर दोन चौकोन काढले. एकाखाली लिहिले 'पाठवणारा', दुसऱ्याखाली 'घेणारा', आणि मध्ये एक मोठा ढग काढला. म्हणाले, "या ढगात काय आहे हे दोघांपैकी एकालाही माहीत नाही. आता बोला, काम कसे करायचे?"

ते जे सांगत गेले ते माझ्या शब्दांत मांडते. आपण पाठवलेला मजकूर अखंड जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे होतात. साधारणतः एका तुकड्यात दीड हजार बाइट. त्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर पत्ता असतो. वाटेत राऊटर नावाची नाकी असतात. नाक्यावर गर्दी झाली तर पॅकेट रांगेत थांबते. रांगेलाही मर्यादा असते. ती भरली की नंतर आलेले पॅकेट सरळ टाकून दिले जाते. कोणाला कळवत नाहीत, दिलगिरी नाही, काही नाही. म्हणून पाठवणारा आणि घेणारा यांनी आपसांत एक करार केलेला असतो. त्याचे नाव टीसीपी. व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान या दोघांनी १९७४ साली त्याची मूळ कल्पना मांडली, आणि १ जानेवारी १९८३ पासून अर्पानेट हे अमेरिकेतले जाळे त्या करारावर चालू लागले. घेणाऱ्याने पोच द्यायची, "इथपर्यंत मिळाले, आता पुढचे पाठव." ठरावीक वेळात पोच आली नाही तर पाठवणाऱ्याने तो तुकडा हरवला असे समजून पुन्हा पाठवायचा.

हे ऐकून वाटते, झाले की काम! पण तसे झाले नाही. १९८६ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियात एक विचित्र गोष्ट घडली. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे विद्यापीठ यांच्यामध्ये अंतर अवघे ४०० यार्ड; आपल्या कॉलेजपासून एसटी स्टँडपर्यंतही त्याहून जास्त भरेल. त्यांच्यातल्या जोडणीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिट होता. तो एकाएकी ४० बिटांवर घसरला. एका अक्षराला ८ बिट धरले तर सेकंदाला पाच अक्षरे. त्यापेक्षा माणूस चिठ्ठी घेऊन चालत गेला असता तरी चालले असते. तार तुटली नव्हती, यंत्रे बिघडली नव्हती. जो तो कराराप्रमाणेच वागत होता.

मग बिघडले काय? प्रयोगशाळेतले व्हॅन जेकबसन आणि विद्यापीठातले मायकेल कॅरल्स यांनी हे शोधून काढले आणि १९८८ साली एका निबंधात मांडले. जोडणी सुरू होताच पाठवणारा एकदम गठ्ठाच्या गठ्ठा ओतत असे. नाक्यावर रांग लागे. रांगेमुळे पोच यायला उशीर होई. उशीर झाला की पाठवणाऱ्याला वाटे, हरवले. तो पुन्हा पाठवी. म्हणजे पहिला तुकडा रांगेत जिवंत उभा असतानाच त्याच्या मागे त्याचीच दुसरी प्रत येऊन उभी राही. सगळेच असे करू लागल्यावर रांगेत नवे काही उरलेच नाही. होती ती एकाच निरोपाची पुनरुक्ती. जाळे पूर्ण वेळ राबत होते, आणि पोचत मात्र जवळजवळ काहीच नव्हते.

सर हे सांगत असताना माझ्या डोळ्यांपुढे बर्कली नव्हती. तो नेट कॅफे होता. पान पुन्हा पुन्हा उघडणारे दादा होते, आणि आपल्या मागणीची वाट न पाहता दुसरी मागणी टाकणारी आम्ही मुले होतो. प्रत्येकाला वाटत होते की आपण जोर केला तर आपले होईल. तो जोरच वाट अडवत होता.

या दोघांनी जो उपाय सांगितला तो मला फार आवडला, कारण त्यात नवे यंत्र नाही, नवी तार नाही, वर बसून हुकूम सोडणारा अधिकारीही नाही. बदलली ती फक्त पाठवणाऱ्याची वागणूक.

पहिला नियम असा की वाट अनोळखी असताना थोडक्यापासून सुरुवात करायची. एक पॅकेट पाठवायचे. पोच आली तर दोन. दोन्हींची आली तर चार, मग आठ. याला त्यांनी 'संथ आरंभ' अशा अर्थाचे नाव दिले; पण तो वाटतो तितका संथ नाही. असे दहा वेळा दुप्पट केले की एकाचे १,०२४ होतात. आता वाटा रुंद झाल्या आहेत, त्यामुळे बहुतेक ठिकाणी सुरुवात एकाऐवजी दहा पॅकेटांनी होते. तत्त्व मात्र तेच आहे. समोरून पोच येत जाईल तसतसा धीर वाढवायचा.

दुसरा नियम असा की आपण मर्यादेच्या जवळ आलो असे वाटले की दुप्पट करणे सोडून दर खेपेला फक्त एकेक वाढवायचे. आणि काही हरवले की आपले पाठवणे एकदम निम्म्यावर आणायचे. चढताना पायरी पायरीने, उतरताना निम्मे. हा उफराटा न्याय मला प्रथम पटला नव्हता. सरांनी फळ्यावर हिशेब करून दाखवला. समजा, एकाच वाटेवर दोघे आहेत. एक १०० पाठवतो, दुसरा २०. फरक ८०. गर्दी झाली, दोघांचेही निम्मे झाले; ५० आणि १०. फरक ४०. मग दोघे एकेकाने वाढले, तरी फरक ४० च राहिला. पुन्हा गर्दी, पुन्हा निम्मे, फरक २०. म्हणजे दर वेळी ज्याच्याकडे जास्त आहे त्याला जास्त सोडावे लागते, आणि हळूहळू दोघे सारखे होत येतात. ते दोघे एकमेकांना ओळखत नाहीत, एकमेकांचे आकडे त्यांना दिसत नाहीत. दाह-मिंग चिऊ आणि राज जैन यांनी १९८९ साली हे गणिताने सिद्ध केले. राज्यशास्त्राच्या तासाला समतेवर पुष्कळ ऐकले होते. ती अशी चार ओळींच्या वजाबाकीत भेटेल असे वाटले नव्हते.

तिसरा नियम वाट पाहण्याचा. पोच किती वेळात यावी? लवकर घाई केली तर रांगेत प्रती वाढतात. फार थांबले तर वेळ फुकट जातो. पूर्वी सरासरी काढून तिच्या ठरावीक पटीइतके थांबत. जेकबसन आणि कॅरल्स म्हणाले, नुसती सरासरी पुरत नाही. दोन एसट्या घ्या. एक रोज बरोबर तासाने पोचते. दुसरी कधी ४० मिनिटांत, कधी ८० मिनिटांत. सरासरी दोघींची एकच. पण पहिलीला दहा मिनिटे उशीर झाला तर काळजी करावी, दुसरीला झाला तर करू नये. म्हणून सरासरीबरोबर तिचा चढ-उतारही मोजायचा. आता सरासरीत त्या चढ-उताराची चौपट मिळवून तेवढे थांबतात. एवढे थांबूनही पोच आली नाही तर पुन्हा पाठवायचे आणि पुढच्या खेपेला दुप्पट थांबायचे. तरीही नाही आली तर त्याच्या दुप्पट. शांततेला उत्तर म्हणून आवाज वाढवायचा नाही, धीर वाढवायचा.

आणि चौथी गोष्ट. फिल कार्न या गृहस्थांनी क्रेग पार्ट्रिज यांच्याबरोबर १९८७ साली एक बारीकसा घोळ दाखवून दिला. एक तुकडा पाठवला, पोच आली नाही, म्हणून तोच पुन्हा पाठवला, आणि मग पोच आली. ही पोच कोणाची? पहिल्याची की दुसऱ्याची? पहिल्याची असेल तर वाट फार लांबची आहे. दुसऱ्याची असेल तर फार जवळची. ओळखायला काही खूण नाही. कार्न यांचा नियम असा की अशा पोचेवरून कसलेही मोजमाप करू नये. निरोप मिळाला एवढे मान्य करावे, त्यावरून वाटेविषयी मत मात्र बनवू नये.

हे ऐकताना माझी मान खाली गेली. सहा आकडे. दुसरा ओटीपी की तिसरा? अण्णांनी बरोबर वाचले होते. मोजण्यात चूक माझी होती. आणि त्यावरून मी मत बनवले ते कशाविषयी, तर बापाच्या वाचण्याविषयी.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मोबाइलवर येणारा ओटीपीचा निरोप टीसीपीच्या या नियमांनी येत नाही. त्याचा मार्ग वेगळा आहे. टीसीपीने चालत होते ते कॅफेतले पान. आणि ते नियम त्या दिवशीही सभ्यपणे थांबत, निम्मे करत होतेच. घाई चालली होती ती त्यांच्या वर बसलेल्या आम्हां माणसांची.

तास संपल्यावर मी सरांना विचारले, "सर, पोच आली नाही याचा अर्थ गर्दीच असतो का?" वर्गात मी क्वचितच तोंड उघडते, त्यामुळे सर जरा थांबले. मग म्हणाले की हीच त्या नियमातली दुखरी जागा. १९८८ साली जाळे तारांचे होते. तारेत पॅकेट खराब होऊन हरवणे अगदी विरळा. म्हणून हरवले म्हणजे गर्दी, असे धरून चालण्यात चूक नव्हती. पण आता शेवटचा टप्पा हवेतून असतो. डोंगर आड येतो, गाडी मनोऱ्यापासून दूर जाते, पाऊस लागतो. पॅकेट हरवते ते यामुळे, आणि पाठवणारा समजतो, पुढे गर्दी आहे. तो बिचारा निम्म्यावर येतो, पुन्हा निम्म्यावर येतो, आणि मोकळ्या वाटेवर विनाकारण रांगत राहतो. यावर पुष्कळांनी उपाय काढले. मोबाइलचे मनोरे हरवलेला तुकडा आपल्या पातळीवरच पुन्हा पाठवून पाहतात. गूगलमधल्या काही मंडळींनी २०१६ साली बीबीआर नावाची पद्धत मांडली. तिच्यात हरवण्याकडे कमी पाहतात. किती वेगाने पोचते आहे आणि कमीत कमी किती वेळात पोच येते, हे मोजत राहतात. मांडणाऱ्यांत त्याच व्हॅन जेकबसन यांचे नाव आहे. आपल्याच जुन्या गृहीतकाकडे अठ्ठावीस वर्षांनी पुन्हा पाहायला मोठे मन लागते.

त्या संध्याकाळी एसटीत बसून मी विचार करत राहिले. मीही तेच केले होते. पलीकडून आवाज आला नाही, याचा एकच अर्थ मला ठाऊक होता. म्हणून मी निम्म्यावर आले, मग त्याच्या निम्म्यावर. चार महिन्यांत आमचे बोलणे सेकंदाला चाळीस बिटांवर आले होते. अंतरही काही मोठे नव्हते. एकाच घरात राहतो आम्ही.

अण्णांबरोबर क्लीनर म्हणून आमच्याच आळीतला एक मुलगा जातो. दुसऱ्या दिवशी मी त्याला गाठून त्या दिवसाचे विचारले. तो सहज सांगून गेला. रेंज गेल्यावर अण्णांनी गाडी पुढे नेली, आणि जिथे पुन्हा रेंज आली तिथे रस्त्याच्या कडेला उभी केली. मग फोन हातात धरून रात्रीपर्यंत बसून राहिले. "पोरीचा नंबर यायचाय" म्हणत होते. तिसरा ओटीपी आला तेव्हा त्यांनी मला फोन लावला. मी तेव्हा परतीच्या गाडीत होते, लागला नसावा. गाडी कोलकात्याला उशिरा पोचली, खाली करायचा नंबर हुकला, उन्हाने माल तापला आणि भाड्यातून पैसे कापले गेले. फोनचा रिचार्ज दुसऱ्याच दिवशी संपला होता. पैसे कापल्यामुळे तो लगेच मारला नाही. एवढेच. रागाचे त्यात काही नव्हते.

त्या रात्री मी अण्णांना फोन केला. काय बोलावे सुचत नव्हते. माफीचे मोठे भाषण मनात तयार होते, पण ते एकदम ओतायचे नाही एवढे मी शिकले होते. मी विचारले, "जेवलात का?" जरा वेळाने उत्तर आले, "जेवलो. का गं?" मी म्हणाले, "सहज." पहिले पॅकेट पोचले. दुसऱ्या रात्री दोन गोष्टी विचारल्या, कुठे आहात आणि पाऊस आहे का. मग तेच विचारू लागले, कॉलेजात काय शिकवले, गाडी वेळेवर मिळाली का. पंधरा दिवसांत आमचे बोलणे पूर्वी कधी नव्हते एवढे वाढले.

पावसाळ्यात ट्रक दुरुस्तीला लागला तेव्हा अण्णा आठवडाभर घरी होते. एका संध्याकाळी ओट्यावर बसून मी त्यांना हे सगळे समजावून सांगितले. एक, दोन, चार, आठ असे कांदे मांडून दाखवले. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "हे तर धुक्यातल्या घाटासारखं झालं. कसाऱ्याला पावसाळ्यात रस्ता दिसत नाही, बाई. पुढच्याचा लाल दिवा दिसतो फक्त. तो दिसतोय तोवर थोडं थोडं पुढं जायचं. दिसेनासा झाला की पाय ब्रेकवर. हॉर्न वाजवून काही धुकं हटत नाही. पण मधेच थांबायचंही नाही. थांबला की मागून येणारा आदळतो." मी थक्क झाले. मला जे समजायला एक सत्र लागले, ते त्यांच्या पायाला केव्हाच ठाऊक होते.

मग मी धीर केला. विचारले, "अण्णा, त्या दिवशी फोन बंद व्हायच्या आधी मी काहीतरी बोलले होते. ऐकू आलं का तुम्हांला?"

अण्णा ताडपत्रीची दोरी गुंडाळत होते. हात थांबला नाही. म्हणाले, "रेंज नव्हती, बाई."

खरेच रेंज नव्हती, की ऐकूनही त्यांनी ते वाक्य रस्त्याच्या कडेला टाकून दिले? ही पोच कशाची आहे हे मला सांगता येत नाही. कार्न यांचा नियम मला पाठ आहे. अशा पोचेवरून मोजमाप करायचे नाही. मी पुन्हा विचारले नाही. तरी मला जे सांगायचे होते ते मी त्या वेळी, एकाच वाक्यात, हळू आवाजात सांगितले. त्यांनी मान हलवली आणि आईला चहा टाकायला सांगितले.

परवा अण्णा पुन्हा खेपेला गेले. रात्री आठला मी फोन लावला, लागला नाही. साडेआठला लावला, नाही. मग साडेनऊला, तेव्हाही नाही. मी अंथरूण घातले, वही काढली आणि वाचत बसले. साडेअकराला पुन्हा लावला. वाजला.

"जेवलात का?"

"जेवलो. तू अजून जागीच?"